अप्पांचा रूळ

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी परळहून फोन आला. धाकटा चुलतभाऊ. "ताई, माळा साफ करायला काढलाय. चाळ खाली करायची तारीख आली ना. अप्पांचं ते देखाव्याचं सामान निघालंय. गंजलंय सगळं. भंगारवाला मंगळवारी येणार आहे. देऊन टाकू?"

मी म्हटलं, "मंगळवारपर्यंत थांब. सांगते."

सांगते म्हटलं खरं, पण काय सांगायचं ते मलाही कळेना. "ठेव" म्हणणं सोपं आहे. ठेवणार कुठे? त्याला संक्रमण शिबिरात जेमतेम एक खोली मिळालीय, आणि माझ्या पुण्याच्या फ्लॅटला माळा नाही. शिवाय ठेवायचं म्हणजे नक्की काय ठेवायचं? मग दोन दिवस मी त्याचाच विचार करत बसले, आणि विचार करता करता परळहून थेट बर्लिन, पॅरिस, न्यूयॉर्क असं कुठे कुठे फिरून आले. आज ते सगळं लिहून काढतेय. घरातले बरेचजण हे वाचतात, तेव्हा अप्पांबद्दल काही चुकलं तर सांगा.

आधी अप्पा. (नव्या मंडळींसाठी: माझे सख्खे काका.) अप्पा गिरणीत होते, विणकाम खात्यात फिटर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि अप्पांच्या गिरणीचं दार त्यांच्यासाठी पुन्हा कधी उघडलंच नाही. त्यानंतर ते पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचे. घरात पैशाची ओढाताण असायची, ती आम्हा मुलांनाही कळायची. पण गणपतीच्या आधीचा महिना अप्पा कोणाचे नसायचे. चाळीच्या मंडळाचा हलता देखावा ते एकटे करत.

मला सगळ्यात आठवतो तो कालियामर्दनाचा. मी दहा वर्षांची असेन. यमुनेचं पाणी म्हणजे भिंतीवर हलणारा निळा-हिरवा उजेड. कालिया फणा वर करायचा, वीज चमकायची, कृष्ण वर यायचा, मग सगळीकडे पिवळा प्रकाश. पुन्हा अंधार, पुन्हा पहिल्यापासून. आम्ही रात्री बारा-बारापर्यंत तेच ते पाहत बसायचो.

एकदा अप्पांनी मला पडद्यामागे नेलं. तिथे देव नव्हता, कालिया नव्हता. एक २०० वॅटचा दिवा होता, त्याच्यापुढे तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली चकती, तिला वेडीवाकडी भोकं आणि भोकांवर निळा-हिरवा जिलेटिन पेपर. चकती सावकाश फिरायची. झाली यमुना! आणि खाली एक लाकडी रूळ, पोळपाटावरच्या लाटण्यासारखा, पण हाताएवढा लांब. त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, कमी-जास्त लांबीच्या. वरून पितळी पात्या टेकलेल्या. मोटरला सायकलची साखळी लावून तो रूळ फिरवला की पाती जिथे पट्टीला टेकेल तिथे तो दिवा लागायचा, पट्टी संपली की विझायचा. पट्टी लांब तर दिवा जास्त वेळ. एका फेरीला साधारण एक मिनिट.

"हे कुठे शिकलात?" मी विचारलं होतं.

"लूमवर," अप्पा म्हणाले. "डॉबीला लाकडी पट्ट्या असतात, त्यांना खुंट्या. खुंटी असेल तिथे ताणा उचलला जातो, नसेल तिथे नाही. त्यातून कापडावर नक्षी उमटते. इथे धाग्याच्या जागी दिवा, बाकी तेच."

असो. मी मोठी झाले, लग्न करून पुण्याला आले. पुढे चायनीज एलईडीच्या माळा आल्या, मंडळात तयार देखावे भाड्यानं यायला लागले. अप्पांचं सामान माळ्यावर गेलं. आणि काही वर्षांपूर्वी अप्पाही गेले.

मी हे सगळं जवळजवळ विसरले होते. मग लेकीकडे बॉस्टनला गेले होते तेव्हा एक दिवस ती मला हार्वर्डच्या कला संग्रहालयात घेऊन गेली. खरं सांगायचं तर पाय दुखत होते आणि आधुनिक कलेत मला फार गती नाही. एका दालनात काचेच्या पेटीशिवाय उभं असलेलं एक चकचकीत यंत्र दिसलं. माणसाएवढं नाही, पण खांद्यापर्यंत येईल इतकं. भोकं पाडलेल्या धातूच्या चकत्या, जाळ्या, सळया, काचेची मळसूत्री कांडी. मी लेकीला म्हटलं, "अगं, हे तर अप्पांचं यमुनेचं यंत्र!" ती हसली. तिनं अप्पांचा देखावा कधी पाहिलाच नव्हता.

ते यंत्र लास्लो मोहोली-नॉज या हंगेरियन माणसाचं. तो जर्मनीतल्या बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत शिकवायचा. १९२२ पासून त्याच्या डोक्यात ही कल्पना होती, प्रत्यक्षात यंत्र उभं राहिलं १९३० साली. त्याचं नाव 'विजेच्या रंगमंचासाठी प्रकाशाचं साधन' अशा अर्थाचं. म्हणजे ते मुळात पुतळा म्हणून पाहायचं नव्हतंच! एका पेटीत ते बसवायचं, पेटीला पुढून गोल भोक, आत रंगीत आणि पांढरे दिवे ठरलेल्या क्रमानं लागणार-विझणार, आणि मधोमध हे फिरणार. प्रेक्षकांनी पाहायचा तो उजेड आणि सावल्या. यंत्र म्हणजे पडद्यामागचं सामान.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. हे त्यानं एकट्यानं केलं नाही. आराखडे श्टेफान शेबॉक या वास्तुरचनाकारानं काढले, जोडणी ऑटो बाल नावाच्या मेकॅनिकनं केली, आणि मदत एईजी या विजेच्या सामानाच्या मोठ्या जर्मन कंपनीची होती. मेकॅनिकच्या छोट्या वर्कशॉपमध्ये ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा आपला जादूवर विश्वास बसायची वेळ आली, अशा अर्थाचं मोहोली-नॉजनं पुढे लिहून ठेवलंय. स्वतःच बनवलेलं यंत्र, प्रत्येक स्क्रू माहीत असलेला, आणि तरी जादू वाटावी! अप्पाही पडद्यामागून पुढे येऊन प्रेक्षकांत उभे राहून बघायचे, ते आठवलं.

१९३० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ते ठेवलं गेलं. त्याच वर्षी त्यावर त्यानं एक छोटा चित्रपटही केला, काळा-पांढरा-करडा असा प्रकाशाचा खेळ. पुढे नाझी आले, मोहोली-नॉज लंडनला आणि मग १९३७ साली शिकागोला गेला, आणि हे धूड त्याच्याबरोबर देश बदलत राहिलं. त्याची बायको सिबिल हिनं त्याच्या चरित्रात लिहिलंय की दर सीमेवर कस्टमवाले विचारायचे, हे आहे काय? कला म्हटलं तर त्यांना पटायचं नाही. मग कधी ते मिसळायचं यंत्र व्हायचं, कधी कारंजं, कधी यंत्रमानव. डझनभर मुलांनी दिला नसता इतका त्रास तिला त्यानं दिला म्हणे. १९४६ मध्ये तो ल्युकेमियानं गेला, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी. दहा वर्षांनी सिबिलनं यंत्र हार्वर्डला देऊन टाकलं.

म्हणजे तिच्यापुढेही तोच प्रश्न आला होता. गेलेल्या माणसाचं मोठं, विचित्र, दुरुस्तीला आलेलं यंत्र. काय करायचं त्याचं?

परत आल्यावर मी नादच घेतला. मिळेल ते वाचलं. या प्रकाराला गतिशिल्प म्हणा, प्रकाशकला म्हणा, इतिहास शंभर वर्षांचा आहे आणि त्यात भंगार, घंटा, मोटरी आणि दुरुस्तीवाले यांचीच गर्दी आहे.

अगदी सुरुवातीला भेटतो नाऊम गाबो. मॉस्को, १९१९-२०. यादवी युद्ध चालू, खायचे वांधे. गाबोला विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं की शिल्पाला दगडाच्या वजनाची गरज नाही, गतीतूनही आकार तयार होतो. पण मोटर कुठून आणणार? शेवटी विजेच्या जुन्या घंटेतला चुंबकाचा भाग त्याला मिळाला. त्यावर त्यानं एक उभी पोलादी पट्टी बसवली. बंद असताना नुसती पट्टी, काहीच नाही. बटण दाबलं की ती थरथरते आणि हवेत एक पारदर्शक, कमरेत बारीक झालेला फुगीर आकार उभा राहतो. बटण सोडलं की आकार गेला. तो कुठे होता? पट्टीत? घंटेत? आपल्या डोळ्यात? १९२० च्या ऑगस्टमध्ये गाबो आणि त्याचा भाऊ पेव्ह्सनर यांनी मॉस्कोच्या भिंतींवर आपला जाहीरनामाही चिकटवला, की कलेत यापुढे काळ आणि गती आली पाहिजे.

त्याच १९२० मध्ये न्यूयॉर्कला मार्सेल द्युशाँनं मोटरवर फिरणाऱ्या काचेच्या पट्ट्यांचं यंत्र केलं. ते चालू असताना काच फुटून उडाली आणि फोटो काढणारा त्याचा मित्र मॅन रे थोडक्यात वाचला. १९३५ मध्ये ह्याच द्युशाँनं ग्रामोफोनवर फिरवून पाहायच्या चित्रांच्या चकत्या छापल्या, पॅरिसच्या नवीन शोधांच्या जत्रेत स्टॉल लावला, आणि जवळजवळ काहीही खपलं नाही. बाजूच्या स्टॉलवर भाज्या कापायची यंत्रं असतील तर गर्दी तिकडेच असणार, आपल्याकडच्या जत्रेत असते तशी :)

मग मधे मोठं युद्ध झालं. आणि इथून पुढची गोष्ट मला जास्त खोल वाटते. कारण युद्धानंतर जी मंडळी दिवे आणि मोटरी घेऊन कलेत आली, त्यांतल्या काहींनी हीच वीज, हेच धातू माणसं मारायला वापरलेले जवळून पाहिले होते.

फ्रँक मलिना हे नाव मी आधी ऐकलं नव्हतं. १९१२ साली टेक्सासमध्ये जन्म. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या रॉकेट संशोधकांपैकी एक. आज मंगळावर गाड्या पाठवणारी जेट प्रपल्शन लॅबोरेटरी उभी करणाऱ्यांतला हा माणूस, १९४४ ते ४६ तिचा प्रमुखही होता. १९४५ च्या शरद ऋतूत त्याच्या गटाचं 'वॅक कॉर्पोरल' रॉकेट ७० किलोमीटरच्या वर गेलं. पुढे काय करायचं हे कोणीही सांगेल: आणखी मोठी रॉकेटं. पण अणुबाँब पडल्यावर या रॉकेटांच्या टोकावर काय बसणार हे त्याला दिसत होतं. त्याला त्यात राहायचं नव्हतं. १९४७ मध्ये तो पॅरिसला युनेस्कोत गेला. तरुणपणच्या डाव्या विचारांपायी अमेरिकन सरकार त्याच्या मागे लागलंच होतं. १९५३ मध्ये ती नोकरीही सोडली आणि वयाच्या चाळिशीत हा रॉकेटवाला चित्रकार झाला. (रॉकेटच्या कंपनीतले जुने शेअर्स होते म्हणून घर चाललं, हेही सांगायला हवं. अप्पांकडे शेअर्स नव्हते.)

आणि त्यानं काय केलं? लाकडी चौकटीत मागे दिवे. त्यांच्यापुढे छोट्या मोटरवर सावकाश फिरणारी रंगवलेली पारदर्शक चकती. त्याच्यापुढे न फिरणारी रंगवलेली पारदर्शक पाटी. सगळ्यात पुढे धूसर पडदा. फिरतं आणि स्थिर यांच्यामधून येणारा उजेड पडद्यावर मिसळतो आणि चित्र हळूहळू बदलत राहतं. १९५६ मध्ये त्यानं या पद्धतीला 'ल्युमिडाइन' असं नाव दिलं. १९६५ साली ऑक्सफर्डला पर्गमॉन प्रेस या प्रकाशनसंस्थेसाठी त्यानं 'कॉसमॉस' नावाचं मोठं भित्तिचित्र याच पद्धतीनं केलं.

ल्युमिडाइनची आकृती पाहिली आणि मी कागद घेऊन शेजारी अप्पांची यमुना काढली. दिवा, चकती, पडदा. फरक एवढाच की अप्पांच्या चकतीवर तेलाच्या डब्यावरचं नाव अजून वाचता यायचं.

मलिनानं आणखी एक मोठं काम केलं. १९६८ पासून 'लिओनार्डो' नावाचं नियतकालिक सुरू केलं. त्यात कलाकारांनी स्वतः लिहायचं, आणि आपलं काम कसं केलं ते शास्त्रज्ञासारखं स्पष्ट सांगायचं: कुठली मोटर, किती वेग, कुठला दिवा. १९८१ मध्ये मलिना गेला, ते नियतकालिक अजून चालू आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

असाच दुसरा जर्मनीतला ओटो पीने. युद्धाच्या शेवटी शाळकरी वयातच त्याला विमानविरोधी तोफांवर ड्यूटी लावली होती. रात्रीच्या आकाशात फिरणारे सर्चलाइट, गोळ्यांच्या रेघा. भीती वाटायची, आणि ते दृश्य सुंदरही दिसायचं, हे त्याला विसरता आलं नाही. पुढे १९५७-५८ मध्ये ड्युसेलडॉर्फला हाइन्झ माकबरोबर त्यानं 'झीरो' नावाचा गट काढला. झीरो म्हणजे रॉकेट सुटायच्या आधी उलटे आकडे मोजतात ना, त्यातलं शेवटचं शून्य. जुनं संपून नवं सुरू व्हायच्या मधला क्षण. पीने भोकं पाडलेल्या पत्र्यांमागून दिवे फिरवून खोलीभर प्रकाशाचं नृत्य करायचा. सर्चलाइटच, पण आता त्यातून कोणी मरणार नव्हतं.

जपानमध्ये आत्सुको तानाका. १९५६ साली तिनं रंगवलेले दोनेकशे दिवे आणि वायरींचा पोशाख केला, आणि स्वतः तो अंगात घालून उभी राहिली! ओसाकाच्या स्टेशनवरच्या निऑनच्या जाहिरातीवरून तिला हे सुचलं. दिवे उघडझाप करायचे, गरम व्हायचे, शॉक बसेल याची तिला भीती होतीच. फोटो पाहिला तर देवीची आरास वाटते आणि सापळाही वाटतो.

एप्रिल १९५५ मध्ये पॅरिसला दनीझ रने हिच्या गॅलरीत 'गती' याच नावाचं प्रदर्शन भरलं. काल्डर, द्युशाँ, व्हासारेली, सोतो, आगम असे सगळे एकत्र. तिथून या प्रकाराला चांगलं नाव मिळालं. त्यातलाच एक स्वित्झर्लंडचा जाँ टिंगली. याच्याबद्दल मात्र थांबून सांगायला हवं.

टिंगली भंगारवाल्यांचा देव. १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं त्याला बागेत काहीतरी करायला सांगितलं. त्यानं ठरवलं, स्वतःला नष्ट करणारं यंत्र करायचं. मदतीला बिली क्लूव्हर हा बेल लॅबोरेटरीजमधला इंजिनिअर. हे दोघं न्यू जर्सीच्या कचरा डेपोंवर फिरून सायकलींची चाकं, मोटरी, जुना पियानो असलं काय काय गोळा करत होते. सगळं जोडून पांढरं रंगवलं, टायमर लावले. १७ मार्च १९६० ला संध्याकाळी थंडीत पाहुणे जमले आणि यंत्र सुरू झालं. बरंचसं ठरल्याप्रमाणे झालंच नाही. चित्र काढणाऱ्या भागाचा कागद उलटाच गुंडाळला गेला. पियानो पेटला. शेवटी अग्निशामक दलाच्या माणसाला आग विझवावी लागली. सगळा खेळ २७ मिनिटांचा. लोक तुकडे आठवण म्हणून घरी घेऊन गेले.

क्लूव्हरचं आयुष्य मात्र त्या २७ मिनिटांनी बदललं. इंजिनिअरनं कलाकाराचा नोकर व्हायचं नाही आणि कलाकारानं इंजिनिअरची शोभा वाढवायची नाही, दोघांनी मिळून काहीतरी तिसरंच करायचं, हे त्यानं मनावर घेतलं. ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका जुन्या लष्करी सभागृहात दहा कलाकार आणि बेल लॅबोरेटरीजचे तीसेक इंजिनिअर यांनी मिळून नऊ रात्री प्रयोग केले. त्यातून 'ईएटी' ही संस्था निघाली. आणि तिचा एक धागा चक्क आपल्याकडे येतो. १९६९ मध्ये विक्रम साराभाईंच्या पुढाकारानं ईएटीची माणसं गुजरातेत आणंदला आली होती. प्रश्न होता, खेड्यातल्या दूध घालणाऱ्या बायकांसाठी शिक्षणाचे टीव्ही कार्यक्रम बाहेरून लादायचे नसतील तर कसे करायचे? चित्रं आणि दिवे करता करता ही मंडळी म्हशींपर्यंत पोचली. पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेडोपाडी टीव्ही दाखवायचा साइटचा प्रयोग झाला, त्याच्या आधीच्या तयारीच्या काळातली ही गोष्ट.

इथपर्यंत वाचून सोमवार संपला. आणि मंगळवार म्हणजे भंगारवाला.

मग मी मुद्दाम एकच गोष्ट शोधायला लागले: या सगळ्यांच्या यंत्रांचं पुढे झालं काय? कारण फिरतं ते झिजतं. दगडाच्या मूर्तीला ऊन-पाऊस सोसतो, मोटरला सोसत नाही.

गाबोची मूळ पट्टी लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, पण पाहणाऱ्यांसाठी १९८५ मध्ये तिची प्रतिकृती केली. तानाकाचा पोशाख १९८६ मध्ये नव्यानं बनवला. मोहोली-नॉजच्या यंत्राचे भाग वेळोवेळी बदलले गेले, तरी मूळ यंत्र आता फार जपून, अगदी थोडा वेळ चालवतात. म्हणून १९७० मध्ये त्याच्या दोन प्रतिकृती झाल्या, २००६ मध्ये आणखी एक. आणि गंमत म्हणजे प्रतिकृतीच बिनधास्त फिरतात. मूळ यंत्र बहुतेक वेळ उभं राहून पाहायची शोभेची वस्तू झालंय. म्हणजे मोहोली-नॉजला जे नको होतं तेच!

अमेरिकेतला डॅन फ्लॅव्हिन यानं तर आधीच वेगळा मार्ग काढला. १९६३ मध्ये त्यानं दुकानात मिळणारी आठ फुटी ट्यूबलाइट भिंतीवर तिरकी लावली आणि म्हणाला, हीच कला. पुढे आयुष्यभर बाजारात मिळणाऱ्या मापाच्या आणि रंगाच्या ट्यूबलाइटच वापरल्या. विकत घेणाऱ्याला तो आकृती आणि प्रमाणपत्र द्यायचा. ट्यूब गेली तर नवी लावा. वस्तूला किंमत नाही, मांडणीला आहे. किती सोपं! पण यात एक खोच निघाली. युरोपात पाऱ्यामुळे २०२३ च्या ऑगस्टपासून नेहमीच्या ट्यूबलाइट बाजारात आणणंच बंद झालं. आता साठवून ठेवलेल्या ट्यूब जपायच्या, नाहीतर खास बनवून घ्यायच्या. दुकानात मिळणारी साधी वस्तू ही कल्पनाच दुकानानं मोडली. (कस्टमवाले इथेही आलेच. २०१० मध्ये युरोपियन कमिशननं ठरवलं की फ्लॅव्हिनचं काम सुटं करून आणलं तर ते दिव्यांचं सामान, कला नव्हे, आणि कर त्याप्रमाणे. सिबिलला सांगायला हवं होतं.)

आणि शेवटी कोरियाचा नाम जून पाइक. १९८८ मध्ये त्यानं सेऊलजवळ ग्वाचनच्या राष्ट्रीय संग्रहालयात १,००३ टीव्ही रचून साडेअठरा मीटर उंच मनोरा उभा केला. आकडा १,००३ कारण ३ ऑक्टोबर हा तिथला राष्ट्रस्थापनेचा दिवस. जुने, मागे पोट असलेले टीव्ही. ते एकेक करून गेले, नवे बनायचे बंद झाले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत मनोरा बंद करावा लागला. मग तिथे बराच वाद झाला. सगळे सपाट पडदे लावायचे? पाडून टाकायचा? तसाच बंद ठेवायचा? त्यांनी कष्टाचा मार्ग घेतला. ७३७ जुने टीव्ही दुरुस्त केले किंवा सेकंडहँड शोधून आणून बदलले. बाकीच्या २६६ छोट्यांसाठी इलाज नव्हता, तिथे आतून सपाट पडदे बसवले, पण बाहेरचा आकार तोच ठेवला. २०२२ मध्ये मनोरा पुन्हा सुरू झाला, पण दिवसातले थोडेच तास, म्हाताऱ्या माणसाला चालवावं तसा.

हे वाचताना मला हळूहळू उलगडलं. प्रत्येकानं स्वतःला एकच प्रश्न विचारलाय: यातलं काय गेलं तर सगळं गेलं? फ्लॅव्हिनमध्ये आकृती. पाइकमध्ये त्या टीव्हीचा देह. मोहोली-नॉजमध्ये भिंतीवरच्या सावल्या. मलिनामध्ये दोन चकत्यांमधला वेगाचा हिशोब, म्हणून तर तो सगळं लिहून ठेवा म्हणत होता. टिंगलीमध्ये ठेवायचं काहीच नाही, जे गेलं तेच काम होतं.

आणि अप्पांमध्ये?

पत्र्याची चकती नव्हे. दुसरा डबा कापता येईल. जिलेटिन पेपर दर वर्षी बदलायचेच. दिवे तर काय, आता दोनशे वॅटचा मिळवायलाही शोधावं लागेल, एलईडी चालेल. मोटर वायपरची लावा, चालेल. पण वीज कधी चमकायची, यमुना किती वेळ एकटीच हलायची, फणा वर गेल्यावर कृष्ण यायच्या आधी किती अंधार ठेवायचा... ते सगळं त्या रुळावर आहे. तांब्याच्या पट्ट्यांची लांबी म्हणजे अप्पांची लय. गिरणीनं त्यांचं काम काढून घेतलं, पण डॉबीचं गणित त्यांच्या हातात राहिलं, आणि ते त्यांनी या लाकडावर उतरवून ठेवलं होतं.

मंगळवारी सकाळी साडेसातलाच फोन केला. भाऊ जरा कानकोंडा झाला. "ताई, भंगारवाला कालच आला गं. मी कामावर होतो. हिनं देऊन टाकलं. मोटर, ट्रान्सफॉर्मर, पितळेच्या पात्या, पत्रा सगळं. सातशे रुपये आले."

माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, "आणि तो रूळ?"

"तो लाकडी? तो आहे ना. त्यानं घेतलाच नाही. तांबं पातळ, खिळे काढत कोण बसणार, म्हणाला. लाकडाला कोण विचारतो?"

फोनवर बराच वेळ मी काही बोलले नाही. त्याला वाटलं मी रागावले.

मागच्या शनिवारी जाऊन घेऊन आले. शिवनेरीत मांडीवर ठेवून आणला, कंडक्टरनं विचारलं हे काय आहे. मी म्हटलं लाटणं :) घरी आणून ओल्या फडक्यानं पुसला तर पट्ट्यांच्या कडेला पेन्सिलीनं अप्पांच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं: 'पाणी', 'वीज', 'फणा १', 'फणा २', 'देव'. आणि फणा २ आणि देव यांच्यामध्ये बोटभर मोकळ्या जागेवर, जिथे एकही पट्टी नाही, तिथे लिहिलंय: 'थांब'.

मी आता त्याचा नकाशा काढतेय. रुळाचा घेर किती, कुठली पट्टी कुठून कुठवर, मिलिमीटरमध्ये, मलिनाच्या शिस्तीत. भावाचा मुलगा डिप्लोमाला आहे, तो म्हणाला, "आत्या, हे दहा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये बसेल, दोनशे रुपयांच्या बोर्डवर." बसेलच. त्याला मी एकच अट घातलीय, तो बोटभर अंधार कमी करायचा नाही.

ज्यांच्याकडे त्या देखाव्यांचे फोटो असतील त्यांनी जरूर कळवा. विशेषतः डोंबिवलीची मावशी आणि बडोद्याचे दादा. फोटो धूसर असले तरी चालतील, फक्त कुठल्या क्षणी कुठला दिवा लागला होता तेवढं कळलं की झालं.